हाडाचं कलम आणि रोवलेला दात

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं: 'दात काढल्यावर तिथे काय बसवायचं, हे दात काढण्याआधी विचारा.' त्या वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक सगळी एकाच वळणाची आहेत. दात जाऊन वर्षं झाली, आता इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा दात, बसवायला गेलं तर डॉक्टर म्हणतात हाड नाही, आधी हाड तयार करावं लागेल. राजापुरातल्या माझ्या दवाखान्यात तेवीस वर्षांत हे वाक्य मीही कितीतरी जणांना ऐकवलं आहे. ते ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून हा अंक याच विषयाला दिला.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची कलमांची रोपवाटिका आहे. वय 58. वरच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा दहा वर्षांपूर्वी काढल्या. आता इम्प्लांटसाठी गेलो तर डॉक्टरांनी सायनस उचलून बोन ग्राफ्ट करायला सांगितलं. घरी सगळे विचारतात, 'हाडाचा कलम बांधूक होया म्हणतत, ह्या खरा काय?' मलाही तेच विचारायचं आहे. हे आमच्या कलमासारखं असतं का? आणि मुळात हाड गेलं कुठे?

उत्तर : दादा, आधी हाड कुठे गेलं ते सांगते.

दाताभोवतालचं हाड दातासाठीच असतं. आपण भाकरी चावतो तेव्हा दाताच्या मुळाभोवतीचे बारीक तंतू त्या हाडाला ओढ देतात, आणि त्या ओढीवर ते हाड जगतं. दात काढला की ओढ संपते. मुंबईला गेलेल्यांची बंद घरं तुम्ही बघतच असाल. कौलं शाकारायला कोणी नसलं की दोन-चार पावसाळ्यांत भिंतीची माती होते. जबड्यात हे त्याहून लवकर होतं. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांत होऊन जाते. तुमची तर दहा वर्षं झाली.

वरच्या मागच्या दाढांचं आणखी एक आहे. त्यांच्या मुळांच्या वर, गालाच्या हाडात, हवेची एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. सर्दी झाली की जिथे जड वाटतं तीच. दाढा गेल्या की ही पोकळी खाली पसरते. म्हणजे खालून हिरडीकडचं हाड झिजतं आणि वरून पोकळी उतरते. मधे काही वेळा तीन-चार मिलिमीटरच हाड उरतं. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. तो साधारण 8 ते 13 मिलिमीटर लांबीचा असतो. तीन मिलिमीटरच्या हाडात तो धरणार कसा?

आता कलमाचं. माझ्या माहेरी आंब्याची बाग होती. आजोबा पावसाळ्यात पडवीत बसून कोय कलमं बांधायचे आणि आम्ही पोरं प्लॅस्टिकच्या पट्ट्या हातात द्यायचो. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. तुम्हाला हे समजावणं सोपं आहे.

पहिला फरक आधी बघा. तुमची कलमकाडी जिवंत असते. खुंटाचा रस मिळाला की तीच वाढते आणि पुढे हापूस देते. हाड तयार करायला आम्ही बहुतेक वेळा बाटलीतली पावडर भरतो, तिच्यात जीव नसतो. ती मांडव आहे. पडवळाचा वेल मांडवावर चढतो, पण मांडवाला पडवळ लागत नाही. पावडरीचे कण जागा धरून ठेवतात. त्यांच्या फटीफटीतून तुमच्या रक्तवाहिन्या आणि हाडाच्या पेशी शिरतात आणि तुमचंच नवं हाड तयार करतात. काही पावडरी काही महिन्यांत विरून जातात, काही वर्षानुवर्षं नव्या हाडात मिसळून राहतात. खऱ्या अर्थानं कलम म्हणावं असा प्रकार वेगळा आहे. त्यात तुमच्याच जबड्यातला, अक्कलदाढेच्या मागचा किंवा हनुवटीचा तुकडा काढून लावतात. त्यात जिवंत पेशी असतात.

पण तीन गोष्टी अगदी तुमच्या कामासारख्या आहेत.

खुंटाची साल काढून ओला भाग उघडा केल्याशिवाय कलम धरत नाही. तसंच, जुन्या हाडाचा वरचा टणक थर बारीक भोकं पाडून मोकळा करतात, म्हणजे आतून रक्त येतं. रक्त नाही तर हाड नाही.

दुसरं, कलम हललं की मेलं. हाडाचंही तेच. त्या जागेवर बोट लावून बघणं, जीभ फिरवणं, वरून ढिली कवळी घासत राहणं, एवढ्यानेही काम बिघडतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कलमाच्या सांध्याखालून खुंटाला रायवळ फुटवे येतात. ते खुडले नाहीत तर तेच जोमानं वाढतात आणि वरची हापूसची काडी सुकते. तोंडात हिरडी हा तो रायवळ फुटवा आहे. ती हाडापेक्षा कितीतरी भराभर वाढते. तिला अडवलं नाही तर हाडासाठी राखलेल्या जागेत आधी हिरडीच शिरते. म्हणून पावडरीवर एक पातळ पडदा ठेवतात, त्याला मेंब्रेन म्हणतात. हिरडी बाहेर राहते आणि हाडाला सवड मिळते.

तुमच्या बाबतीत गालाच्या बाजूनं सायनसच्या भिंतीला छोटी खिडकी पाडतील. आतलं अस्तर अंड्याच्या कवचाखाली जो पापुद्रा असतो तेवढं नाजूक असतं. ते न फाडता हळूहळू वर उचलायचं आणि खाली झालेल्या पोकळीत पावडर भरायची. काम भूल देऊन होतं, दुखत नाही. पुढचे तीन-चार दिवस गाल सुजतो. मूळचं हाड चार-पाच मिलिमीटर असेल तर कधीकधी इम्प्लांटही त्याच वेळी बसवता येतो. त्याहून कमी असेल तर सहा ते नऊ महिने थांबून मग. नंतर इम्प्लांट हाडाशी एकजीव व्हायला आणखी चार ते सहा महिने. थोडक्यात, वर्षभराची तयारी ठेवा. तुम्ही आंब्याच्या झाडाची पाच-सहा वर्षं वाट बघणारी माणसं आहात, तुम्हाला हे जड जाऊ नये.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांना विचाराच. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, केला का, आणि त्यात हाडाची उंची-रुंदी किती मिलिमीटर आली? साध्या एक्स-रेवर सायनस लिफ्टचा निर्णय घेऊ देऊ नका. दुसरं, सहा मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट असतात. हाड तेवढं असेल तर सायनसला हात न लावताही काम होऊ शकतं. आणि सायनस लिफ्टसाठी कोल्हापूरला जाणार असाल तर पावसाळा टाळा. टाके काढायला आठ-दहा दिवसांनी परत जावं लागतं, आणि जुलैत घाटात दरड आली तर अडकाल. पहिली रात्र तिकडेच नातेवाइकांकडे काढा, कारण रक्तस्राव झाला तर बहुधा त्याच रात्री होतो. पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायची. दाबलीत तर नाकातली हवा सायनसमध्ये घुसून सगळी पावडर हलवते.

आता एक माझी गोष्ट. दवाखाना उघडून दुसरं वर्ष होतं. रातांब्याच्या दिवसांत एक ताई आल्या. पुढचा दात किडून तुटलेला, दुखत होता. मी घाईनं काढला, आणि दाताबरोबर बाहेरच्या बाजूची कागदासारखी पातळ हाडाची भिंतही आली. त्या वेळी मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. जखम भरली, त्या खूश होत्या. दोन वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्या पक्का दात बसवायला आल्या. तिथलं हाड सुरीच्या धारेसारखं झालं होतं. ग्राफ्टचा खर्च त्यांना परवडणारा नव्हता. लग्नाच्या फोटोत त्या ओठ मिटून उभ्या आहेत. तो फोटो त्यांनी मला आणून दाखवला, तक्रार म्हणून नाही, आनंदानं. मला मात्र तो फोटो अजून आठवतो. तेव्हापासून दात काढताना मी मुळं वेगवेगळी कापून, हाडाच्या भिंतीला धक्का न लावता काढते. आणि पुढे इम्प्लांट बसवायची शक्यता असेल तर त्याच वेळी खाचेत पावडर भरायचा पर्याय सांगते. त्यानं झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते. नंतरच्या मोठ्या शस्त्रक्रियेपुढे हा खर्च फारच थोडा असतो.

प्रश्न : आम्ही गुहागरकडचे, घरात पूर्ण शाकाहार. मिस्टरांच्या जबड्यात हाडाची पावडर घातली. नंतर कुणीतरी सांगितलं की ती गाईच्या हाडाची असते. तेव्हापासून ते नीट जेवत नाहीत. हे खरं आहे का? आता ती काढता येईल का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं आणि रागही आला. हे आधी सांगायला हवं होतं. सांगणं डॉक्टरचं काम होतं.

हो, सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पावडरींपैकी एक गोवंशाच्या हाडापासून बनते. तापवून आणि रसायनांच्या प्रक्रियेनं तिच्यातला मांसाचा, प्रथिनांचा अंश काढून टाकतात आणि हाडातलं खनिज तेवढं उरतं. पण सगळ्याच पावडरी तशा नसतात. कारखान्यात बनवलेलं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांत प्राण्याचा काही संबंध नसतो. आपल्या हाडाचं मुख्य खनिज जे असतं त्याच जातीची ही क्षारं आहेत. समुद्रातल्या प्रवाळापासून बनवलेल्याही काही असतात. दान केलेल्या मानवी हाडापासून तयार केलेल्याही असतात. म्हणजे तुमच्या मिस्टरांना कुठली घातली हे अजून ठरलेलं नाही. दवाखान्यात जाऊन केसपेपर मागा. पावडरीच्या बाटलीचं आणि इम्प्लांटचं चिकटपत्र त्याला लावलेलं असतं, त्यावर कंपनी, प्रकार आणि लॉट नंबर असतो. तो तुमचा हक्क आहे. ते चिकटपत्र घरी रेशनकार्डाबरोबर ठेवून द्या. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरला तो स्क्रू घट्ट करायचा झाला तर त्यावाचून अडतं.

पडद्याचंही विचारा. हिरडीला अडवणारे पडदे बहुतेक वेळा कोलॅजेनचे असतात, ते गाईचे किंवा डुकराचे असतात. आमच्याकडे मुस्लिम कुटुंबंही येतात, मच्छीमार सोसायटीतली, त्यांच्यासाठी हा प्रश्न तितकाच नाजूक आहे. कृत्रिम पदार्थांचे पडदेही मिळतात. रुग्णाचंच थोडं रक्त काढून ते यंत्रात फिरवलं की एक जाडसर पिवळा थर मिळतो, त्याला पीआरएफ म्हणतात. फ्रान्समध्ये 2001 साली ही पद्धत आली. पीआरएफ बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडतं. मात्र मोठ्या ग्राफ्टवर एकट्यानं ते टिकाऊ पडद्याची जागा घेऊ शकत नाही, हे आधी समजून घ्यावं. टाक्याच्या धाग्याचंही विचारा. कॅटगट नावाचा धागा मेंढीच्या किंवा गाईच्या आतड्यापासून बनतो. त्याऐवजी कृत्रिम विरघळणारा धागा असतो.

काढण्याचं विचाराल तर आता काढू नका. त्यात नवं हाड वाढू लागलं असेल, ते काढताना मूळचं हाडही जाईल. यजमानांना सांगा, गोवंशाची असली तरी तिच्यात रक्त-मांस काही नाही, फक्त खनिज आहे. एवढ्यानं त्यांचं समाधान होईल की नाही ते मी सांगू शकत नाही. तो त्यांचा धर्म आहे, त्यावर मी बोलू नये. पण त्यांना न विचारता हे झालं, तर त्या डॉक्टरांसमोर शांतपणे बसून तसं सांगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. सांगावंच. पुढच्या पेशंटला तरी विचारलं जाईल.

प्रश्न : मी डोंबिवलीला असतो, मूळ गाव लांज्याजवळ. गणपतीला दहा दिवस गावी येतो. खालची एक दाढ गेली आहे. त्या दहा दिवसांत इम्प्लांट पूर्ण होईल का? जाहिरातीत 'तीन दिवसांत पक्के दात' असं वाचलं.

उत्तर : एक दाढ दहा दिवसांत पूर्ण करून देईन म्हणणाऱ्याकडे मी माझ्या भावाला पाठवणार नाही. तीन दिवसांच्या पद्धती आहेत, पण त्या वेगळ्या प्रकारच्या स्क्रूंच्या, हाडाच्या खोल टणक थरात धरणाऱ्या. पूर्ण जबड्यासाठी त्यांचा विचार होऊ शकतो. एका दाढेसाठी नाही.

स्क्रू हाडात बसवल्यावर लगेच घट्ट वाटतो, पण ती घट्टी लाकडातल्या स्क्रूसारखी असते. खरी पकड नंतर येते, हाड टायटॅनियमच्या पृष्ठभागाला चिकटून वाढतं तेव्हा. याचा दातांसाठी उपयोग करून दाखवला तो स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांनी. 1952 साली त्यांनी सशाच्या पायात रक्तप्रवाह बघण्यासाठी टायटॅनियमचं एक उपकरण बसवलं, आणि काम झाल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाडानं ते धरून ठेवलं होतं. 1965 साली त्यांनी येस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात असे पहिले इम्प्लांट बसवले. 2006 साली लार्सन गेले, तेव्हा ते इम्प्लांट त्यांच्या तोंडात होते. चाळीस वर्षांहून जास्त! त्या टिकण्याचं सगळं गमक मधल्या थांबण्यात आहे. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने.

म्हणून असं करा. स्कॅन डोंबिवलीतच करून घ्या. सुटी मिळाली तर शिमग्याला या, इम्प्लांट बसवून घ्या. आठ-दहा दिवसांनी टाके तिकडच्या कुणाकडूनही काढता येतील. गणपतीला या तेव्हा माप घेऊन कॅप बसवू. कॅप बनवायला प्रयोगशाळेत चार-पाच दिवस लागतात, म्हणून गणपती येण्याआधीच या. नाहीतर हे सगळं तिकडेच, एकाच डॉक्टरकडे करा. ते सगळ्यात चांगलं, मला त्यात वाईट वाटणार नाही.

प्रश्न : वय 66, वेंगुर्ला. साखर आहे. हाडं ठिसूळ म्हणून आठवड्याला एक गोळी पाच वर्षं घेते. लहानपणापासून मशेरी लावते. खालचे चार दात हलतात, मुलगा म्हणतो काढून इम्प्लांट बसवूया. करू का?

उत्तर : काकू, तुमच्या पत्रातल्या तीन ओळींत तीन मोठ्या गोष्टी आहेत. तुम्ही तिन्ही न लपवता लिहिल्यात, म्हणून आभार. माझ्या टेबलासमोर बसून मशेरीचं कुणी सहसा सांगत नाही. मला ते हिरड्यांवरून कळतं.

गोळीपासून सुरुवात करते. सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, अशी गोळी असेल तर ती अ‍ॅलेन्ड्रोनेट किंवा तिच्या जातीची असणार. ती हाडाची झीज थांबवते, तुमच्या कमरेसाठी आणि मनगटासाठी ती चांगलीच आहे. पण जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर भरून येण्याची गतीही ती मंदावते. क्वचित दात काढल्यावर जखम महिनोन् महिने भरत नाही आणि हाड उघडं पडतं. हा धोका तुमच्यासारख्या ठिसूळ हाडांसाठी गोळी घेणाऱ्यांत कमी असतो, पण वर्षं वाढली की वाढतो. कॅन्सरच्या रुग्णांना मोठ्या मात्रेत याच जातीची इंजेक्शनं देतात, तिथे इम्प्लांटचा विचार सहसा करतच नाहीत. गोळी स्वतःहून बंद करू नका. दात काढण्यापूर्वी ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना आणि दातांच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा. आणि कुणी वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांनी हाडांचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही लिहून न्या. गोळी घरात दिसते, इंजेक्शन विसरलं जातं.

साखरेसाठी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करा. ती 7 च्या आसपास असेल तर बोलता येतं. 8 च्या वर असेल तर मी थांबते.

आणि मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली. भाजल्यानं तिच्यातलं निकोटिन जात नाही. ते रक्तवाहिन्या आखडून धरतं, आणि वर देवगडच्या दादांना लिहिलं तसं, रक्त नाही तर हाड नाही. तुमचे दात हलायला लागले त्यातही तिचा हात असणार. दुखऱ्या दातावर मशेरी लावली की बरं वाटतं म्हणून ती सुरू होते आणि मग चहाआधी मशेरी लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी आजी लावायची. सोडणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पण शस्त्रक्रिया करायची तर निदान दोन आठवडे आधीपासून दोन महिने नंतरपर्यंत ती तोंडात जाता कामा नये. तेवढं जमलं तर परत सुरू करू नका, एवढीच विनंती. जीभ, गाल किंवा हिरडीवर न भरणारा चट्टा किंवा गाठ असेल तर तेही दाखवा. ते इम्प्लांटपेक्षा आधी.

माझं मत विचाराल तर मुलाला सांगा, सध्या इम्प्लांट नको. आधी हिरड्यांची नीट सफाई करून घ्या. हलणारे दात मागच्या बाजूनं बारीक तारेनं बांधून काही वर्षं वापरता येतात का ते बघू द्या. मुलाचं प्रेम मला कळतं. पण हिरड्यांचा आजार तसाच ठेवून बसवलेल्या इम्प्लांटभोवतीही तोच आजार होतो, आणि नैसर्गिक दाताभोवती जे तंतू असतात ते इम्प्लांटभोवती नसतात, त्यामुळे तो तिथे भराभर खाली उतरतो.

प्रश्न : तारकर्लीला पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेतो. वय 34. वरच्या डाव्या बाजूला सायनस लिफ्ट सांगितलं आहे. पाण्यात कधी उतरता येईल?

उत्तर : तुमचा व्यवसाय डॉक्टरांना सांगितलात का? नसेल तर आज सांगा. खाली उतरताना नाकातून हवा दाबून कान मोकळे करता, तोच दाब ताज्या ग्राफ्टला उखडू शकतो. अस्तर सुजलेलं असताना सायनसमधली हवा अडकली तर खोलावर भयंकर कळ येते. तोंडात हवेचा रेग्युलेटर चावून धरायचा असतो, त्याचा ताण वेगळा. काम करायचंच असेल तर समुद्र बंद झाल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात करा, आणि ऑक्टोबरात सीझन सुरू होताना परत स्कॅन काढून, सर्जनच्या लेखी परवानगीनं उतरा. नाही म्हणाले तर तो सीझन बोटीवर काढा. आणि आखूड इम्प्लांटचं किंवा शेजारच्या दातांवर बसवायच्या साध्या ब्रिजचं आधी विचारा. तुमच्यासारख्यासाठी सायनसला न शिवणं हाच चांगला मार्ग असू शकतो.

प्रश्न : आई 74 वर्षांची, खेडजवळ गावी असते. दहा-बारा वर्षं पूर्ण कवळी. खालची कवळी सतत उचलली जाते, मासळी खाताना काटा आत जातो, आता ती फक्त पेज जेवते. एका ठिकाणी कमरेचं हाड काढून जबड्यात बसवायचं आणि सहा इम्प्लांट करायचे असं सांगितलं. खर्च काही लाखांत. घरावर कर्ज काढू का?

उत्तर : थांबा. कर्ज काढू नका.

खालची कवळी उचलली जाते यात आईंची काही चूक नाही. वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार मिळतो. खालच्या कवळीला मधे जीभ असते आणि हाड नालासारखं अरुंद. बारा वर्षांत ते आणखी चपटं झालं असणार. पण खालच्या जबड्याचा पुढचा भाग, दोन्ही सुळ्यांच्या मधला, बहुतेक वेळा बऱ्यापैकी शिल्लक राहतो. तिथे ओठाला संवेदना देणारी नसही आड येत नाही. मागच्या भागात ती नस हाडातून जाते, तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. म्हणून पुढे फक्त दोन इम्प्लांट बसवायचे आणि त्यांवर बटणासारखे जोड लावून कवळी त्यावर टच्‌कन बसवायची. रात्री काढून धुवायची, सकाळी लावायची. 2002 साली कॅनडात माँट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी, खालच्या बिनदातांच्या जबड्यासाठी पहिला पर्याय हाच असावा असं एकमतानं सांगितलं. हाड बांधायची गरज बहुतेक वेळा लागत नाही. कमरेचं हाड काढणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे, पूर्ण भूल द्यावी लागते, नंतर कित्येक दिवस चालायला त्रास होतो. 74 व्या वर्षी, पेज खाऊन अंगातली ताकद कमी झालेली असताना, तिचा विचार सगळ्यात शेवटी.

खर्चाचं बोलायचं तर एक इम्प्लांट आणि त्यावरचा दात मिळून आपल्याकडे साधारण 25 ते 50 हजार लागतात, कंपनीप्रमाणे बदलतं. दोन बटणांच्या कवळीचं त्याच हिशेबानं धरा. बटणाच्या आतली प्लॅस्टिकची छोटी चकती दर वर्ष-दीड वर्षानं बदलावी लागते, तो खर्च थोडा. आंब्याच्या किंवा भाताच्या पैशांतून निभण्यासारखं आहे.

पण त्याआधीही एक करा. कवळी बारा वर्षांची आहे. तिच्या आतल्या बाजूला नवं अस्तर लावून, किंवा नवीनच करून बघितली का? पुष्कळ वेळा तेवढ्यावर भागतं. आणि आईंना विचारा. त्यांना सुरमई आणि बांगडा परत खायचा आहे की फक्त भाकरी मोडता आली तरी पुरे? माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल मुलं बोलतात, ती स्वतः गप्प बसलेली असतात. दवाखान्यात त्यांनाच बोलू द्या.

शस्त्रक्रिया झालीच तर पहिला आठवडा पेज, नाचणीची आंबील, मऊ भात. मिरचीची फोडणी नको. सोलकढी चालेल, पण चार दिवसांनंतर आणि बिनमिरचीची. मासा काटा काढून, कुस्करून. कवळी त्या दिवसांत लावायची नाही, कारण ती इम्प्लांटवर दाबली जाते. आणि डॉक्टरकडे पहिल्यांदा जाल तेव्हा जुनी कवळी घरी विसरू नका. पाणी भरलेल्या डबीत घालून घेऊन जा. ती कुठे झिजली आहे, आई कुठल्या बाजूनं चावतात, हे तिच्यावरून पटकन कळतं.